गरोदर स्त्रीचा रक्तदाब : एका मुक्या रोगाचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, ह्यात नवे काही नाही. परंतु त्याने संप, बोनस आणि महागाई सोडून बाळंतपणाविषयी बोलावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. परंतु ज्या रोगाविषयी आज बोलावयाचे आहे, त्याचा इतिहास जसजसा वाचीत गेलो तसतसे ध्यानात आले की, त्यातला निम्मा भाग कामाच्या तासांचा, रजेचा आणि मजुरीचा आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत तो सहसा येत नाही. तो सांगणे आमच्याकडे लागते, असे आम्ही समजतो.

विषय आहे गरोदरपणात वाढणाऱ्या रक्तदाबाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे शंभर गरोदरपणांपैकी दोन ते आठांमध्ये ह्या विकाराचे पुढचे रूप दिसते. ह्याच संघटनेने 2025 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जगातल्या माता-मृत्यूंपैकी 16 टक्के मृत्यू रक्तदाबाच्या विकारांमुळे झाले. रक्तस्रावाच्या खालोखाल हेच कारण. रक्तस्राव डोळ्यांना दिसतो, घरातली माणसे धावपळ करतात. रक्तदाब दिसत नाही. बाई चालते, बोलते, पाणी भरते, कामावर जाते, आणि आतमध्ये रोग वाढत असतो. म्हणून आम्ही ह्याला मुका रोग म्हणतो. त्याला बोलते कसे केले, आणि बोलते करूनही त्याचे बोलणे आम्ही सर्वांनी का ऐकले नाही, हीच आजची कथा.

पूर्वीच्या लोकांना ह्या रोगाची अखेर तेवढी ठाऊक होती. दिवस भरत आलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला एकाएकी आकडी यावी, दातखीळ बसावी, शुद्ध जावी, आणि पुष्कळदा ती पुन्हा न यावी. आपल्याकडे कोणी बाहेरची बाधा म्हणे, कोणी वात म्हणे. युरोपातल्या विद्वानांनी त्याला ‘एक्लॅम्प्सिया’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वीज चमकावी तसा अवचित लखलखाट. ह्या नावातच त्या काळचे अज्ञान आहे. वीज कोठून येते हे ज्याला कळत नाही, त्याला ती नेहमी निरभ्र आकाशातूनच आल्यासारखी वाटते.

फ्रान्समधला प्रसूतितज्ज्ञ मोरिसो ह्याचा ग्रंथ 1668 साली निघाला. पहिलटकरणीला ह्या आकडीचा धोका अधिक, हे निरीक्षण त्याच्या नावावर आहे, आणि ते आजही खरे आहे. 1739 मध्ये सोव्हाज ह्या दुसऱ्या फ्रेंच वैद्याने ही आकडी आणि नेहमीचा अपस्मार ह्यांत भेद केला. उपचार मात्र एकच : शीर कापून रक्त काढणे. ज्या स्त्रीच्या अंगात उद्या बाळंतपणाचे रक्त जावयाचे, तिचे रक्त आजच काढीत. हा प्रकार एकोणिसाव्या शतकातही चालू होता.

पहिला धागा सापडला तो 1843 साली, लंडनच्या गाय्ज रुग्णालयात. त्याच रुग्णालयातल्या रिचर्ड ब्राइट ह्याने काही वर्षे आधी मूत्रपिंडाच्या रोग्यांची लघवी तापवून पाहिली होती. लघवीत प्रथिन असेल तर तापविल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा साका धरतो. जॉन लिव्हर ह्याने तीच युक्ती आकडी आलेल्या बाळंतिणींवर केली आणि त्यांच्यापैकी बहुतेकींच्या लघवीत साका मिळाला. बाळंतपण आटोपल्यावर तो लवकरच नाहीसा होई. अर्थात हा मूत्रपिंडाचा जुनाट रोग नव्हता, गर्भारपणाबरोबर येणारा आणि त्याच्याबरोबर जाणारा होता. क्लोरोफॉर्ममुळे पुढे प्रसिद्धीस आलेले एडिंबरोचे जेम्स यंग सिंप्सन ह्यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच नोंदविले. एक शेगडी आणि एक काचेची नळी, एवढ्या भांडवलावर विजेच्या आधीचा ढग पहिल्यांदा दिसला.

दुसरा धागा रक्तदाबाचा. रक्ताला दाब असतो हे इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स ह्यांनी 1733 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाखविले होते. घोडीच्या रोहिणीत नळी खुपसली, तेव्हा रक्त सव्वाआठ फूट उंच चढले. माणसावर, त्यातून गरोदर बाईवर, असला प्रयोग कोण करणार? त्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे थांबावे लागले. 1896 मध्ये इटलीतल्या तुरिन शहरी रीव्हा-रोत्ची ह्या डॉक्टरने दंडाला गुंडाळावयाचा फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी, असे साधन तयार केले. पट्ट्यासाठी सायकलच्या चाकातल्या रबरी नळीचा उपयोग केला होता, असे सांगतात. कारागिरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी : ज्या यंत्राने लाखो जीव वाचविले ते घरगुती सामानातून जुळविलेले होते.

पुढच्याच वर्षी, 1897 मध्ये, पॅरिसच्या व्हाके आणि नोबेकूर ह्या दोघांनी आकडी येणाऱ्या स्त्रियांचा दाब मोजला आणि तो फार चढलेला आढळला. 1905 मध्ये कोरोत्कोव्ह ह्या रशियन शल्यचिकित्सकाने पट्ट्याखाली नळी लावून रोहिणीतला ठोका ऐकण्याची पद्धत सांगितली. त्यामुळे वरचा आकडा आणि खालचा आकडा असे दोन्ही कळू लागले. हृदय आकुंचन पावते त्या वेळचा दाब हा वरचा आकडा, आणि ते सैल पडते त्या वेळचा खालचा. पारा किती मिलिमीटर चढला त्यावर तो मोजतात. पाऱ्याच्या नळ्या आता मागे पडत आहेत, तरी मोजमाप अजून पाऱ्याचेच आहे. विसाव्या आठवड्यानंतर, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यापासून पुढे, वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला आणि पुन्हा मोजूनही तसाच राहिला तर डॉक्टर सावध होतात. 160 आणि 110 ह्यांपैकी एक आकडा गाठला, तर तासांचा हिशेब सुरू होतो.

आता शरीरात होते काय, हे थोडक्यात पाहू. वार ही मुलाची भाकरीची थाळी. आईच्या गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक, पिळदार रोहिण्यांतून तिला रक्त मिळते. चांगल्या गर्भारपणात ह्या रोहिण्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद होतात. पायवाटेचा हमरस्ता होतो. काही स्त्रियांत हे रुंदीकरण अपुरे राहते. मग वारेची उपासमार होते आणि ती आईच्या रक्तात काही द्रव्ये सोडते. त्यांपैकी एक महत्त्वाचे द्रव्य बॉस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 2003 साली दाखविले. ही द्रव्ये रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडवितात. जुने डॉक्टर ह्या रोगाला ‘टॉक्सीमिया’, म्हणजे रक्तातले विष, म्हणत. विष काही सापडेना, तेव्हा त्सवाइफेल ह्या जर्मन तज्ज्ञाने 1916 मध्ये ह्याला ‘सिद्धांतांचा रोग’ म्हणून टाकले. आज असे दिसते की, जुन्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. विष बाहेरचे नव्हते, एवढेच.

अस्तर बिघडले की त्याचा परिणाम सर्वांगावर होतो. मूत्रपिंडातून प्रथिन गळते. मेंदूला सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि शेवटी आकडी येते. कधी मेंदूत रक्तस्राव होतो. यकृत बिघडले तर वरच्या पोटात, उजव्या अंगाला कळ येते, आणि घरचे ती पित्त म्हणून सोडून देतात. वार अवेळी सुटली तर आई आणि मूल दोघांचाही जीव धोक्यात येतो. मुलाचे म्हणाल तर ते पोटात खुरटते. अपुऱ्या दिवसांचे जन्मते, कारण आईला वाचविण्यासाठी डॉक्टरला बाळंतपण लवकर करावे लागते. कधी ते पोटातच जाते. ह्या रोगावर मुळातून उपाय एकच, आणि तो म्हणजे वार बाहेर पडणे. तोवर आईचा धोका आणि मुलाचे दिवस ह्यांचा तराजू डॉक्टरला हातात धरावा लागतो. बाळंतपण झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास दाब पुन्हा चढू शकतो, आणि नेमक्या त्या वेळी बाळंतीण घरी पोहोचलेली असते. एवढेच नव्हे, ज्या स्त्रीला हा विकार होऊन गेला तिला पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणून गरोदरपणातले तिचे कागद जपून ठेवावेत.

हे सर्व ज्ञान झाले. परंतु ज्ञान आणि बाई ह्यांची गाठ पडावयास हवी. पूर्वी दवाखान्यात बाई यावयाची ती कळा सुरू झाल्यावर किंवा आकडी आल्यावर. त्याआधी तिची तपासणी करावी, ही कल्पना नवी आहे. एडिंबरोच्या डॉ. बॅलंटाइन ह्यांनी 1901 साली लेख लिहून गरोदर स्त्रियांसाठी वेगळी सोय मागितली, आणि तेथील प्रसूतिगृहात अशी एक खाट मिळाली. एकच खाट! तेथून पुढे 1929 साली इंग्लंडच्या आरोग्य खात्याने डॉ. जॅनेट कँबेल ह्यांच्या पुढाकाराने एक वेळापत्रक काढले : सोळाव्या, चोविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला तपासणी, मग छत्तिसाव्यापर्यंत दर पंधरवड्याला, आणि पुढे दर आठवड्याला. शेवटी शेवटी तपासण्या दाट का? कारण हा मुका रोग बहुधा शेवटच्या महिन्यांत डोके वर काढतो. जगभरच्या दवाखान्यांनी पुढे कित्येक दशके हेच वेळापत्रक थोड्याफार फरकाने चालविले.

ह्याच 1929 सालात आपल्या मुंबईत काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे.

1919 साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तेथे ना. म. जोशी हे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून हजर होते. बाळंतपणाच्या आधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे रजा व भत्ता, असा ठराव तेथे झाला. हिंदुस्थान सरकारने तो लागू केला नाही. आधी चौकशी करू म्हणाले. त्या चौकशीचा भाग म्हणून मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स ह्या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीतल्या बायकांची बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची स्थिती पाहिली. त्यांचा अहवाल 1922 साली प्रसिद्ध झाला. जोशींनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, ते फेटाळले गेले. मग मुंबईच्या कायदेमंडळात आसवले ह्यांनी विधेयक मांडले. 28 जुलै 1928 रोजी त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, परंतु जो मालक बायकांच्या श्रमातून लाभ घेतो त्यालाही आपला वाटा टाळता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 साली कायदा झाला. लंडनमध्ये तपासणीचे वेळापत्रक आणि मुंबईत बाळंतपणाचा भत्ता, एकाच सालच्या ह्या दोन गोष्टी. ह्या दोहोंची गाठ पडली असती तर! परंतु आमच्या कायद्यात तपासणीला जागा नव्हती, आणि त्यांच्या वेळापत्रकात मजुरी बुडण्याचा विचार नव्हता.

तेव्हाच्या मुंबईत दवाखाना नव्हता, असेही नाही. परळला, गिरणगावाच्या ऐन मध्यावर, नवरोजी वाडिया प्रसूतिगृह 1926 सालीच उघडले होते. बायका बहुतेक वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत. खाते ते दवाखाना हे अंतर चालत जाण्यासारखे होते. परंतु भोंगा आणि हजेरी ह्यांनी ते कित्येक कोसांचे केले. कायद्याच्या भत्त्याचा बोजा एकेका मालकावर पडत असल्यामुळे बायकांना कामावर न घेण्याकडे कल वाढला, हाही अनुभव आला. म्हणूनच 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याने हा खर्च सामाईक निधीतून द्यावयाचे ठरविले, ते योग्य झाले. 1961 साली देशभरासाठी प्रसूतिलाभ कायदा आला. रजा बारा आठवड्यांची. 2017 च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची झाली, आणि त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणापूर्वी घेता येतात. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच कलमे आली आहेत.

औषधांचा इतिहासही एवढाच उद्बोधक आहे. रक्त काढणे मागे पडले. सेंट पीटर्सबर्गचे स्ट्रोगानोव्ह ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अंधारी, शांत खोली आणि गुंगीची औषधे ह्यांचा मार्ग सांगितला. आपल्या देशात मद्रासचे डॉ. एम. के. कृष्ण मेनन ह्यांनी (त्याच काळातले संरक्षणमंत्री कृष्ण मेनन निराळे) तीन गुंगीकारक औषधांचे मिश्रण वापरून 1961 साली आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि भारतातल्या कित्येक रुग्णालयांत वर्षानुवर्षे तीच पद्धत चालली. दुसरीकडे मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे जुलाबासाठी घेतात तेच कडू एप्सम सॉल्ट, इंजेक्शनाने देऊन आकडी थांबविता येते, हे 1920 च्या दशकात अमेरिकेत दिसले होते. डॅलसचे डॉ. प्रिचर्ड ह्यांनी 1984 साली 245 रोगिणींचा हिशेब दिला. त्यांपैकी एकच दगावली. तरीही युरोपातल्या डॉक्टरांचा विश्वास बसेना. इतके स्वस्त मीठ, त्याचे काय कौतुक!

हा वाद 1995 साली मिटला. भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील, अर्जेंटिना इत्यादी देशांतल्या 1,687 रोगिणींवर औषधे ताडून पाहिली. डायझेपामच्या तुलनेत ह्या मिठाने पुन्हा आकडी येण्याचे प्रमाण 52 टक्क्यांनी घटले, आणि फेनिटॉइनच्या तुलनेत 67 टक्क्यांनी. 2002 साली 33 देशांतल्या 10,141 स्त्रियांच्या चाचणीत असे ठरले की, आकडी येण्याआधीच हे औषध दिले तर तिचा धोका निम्म्याहून खाली येतो. श्रोत्यांनी एक ध्यानात घ्यावे : ह्या निर्णयासाठी लागलेला पुरावा प्रामुख्याने गरीब देशांच्या बायकांनी, त्यांत आपल्या बायकांनी, दिला आहे. तेव्हा त्या ज्ञानावर त्यांचा पहिला हक्क आहे.

रोग टाळण्याचेही दोन उपाय पुढे आले. ज्यांना धोका अधिक, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकरच्या महिन्यांपासून थोड्या प्रमाणात ॲस्पिरिन घेतले, तर दिवस भरण्याआधी होणारा हा विकार पुष्कळ टळतो. 2017 च्या एका मोठ्या चाचणीत त्याचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. दुसरा उपाय चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा. ग्वाटेमालातल्या माया लोकांच्या बायकांत गरिबी असूनही आकडी कमी, ह्याचे 1980 च्या सुमारास संशोधकांना कोडे पडले. ते लोक मका चुन्यात भिजवून मग दळतात, हे त्याचे कारण असावे असे त्यांनी सुचविले. पुढे चाचण्या झाल्या. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बंगळूरमधल्या 11,000 आणि टांझानियातल्या 11,000 पहिलटकरणी होत्या. रोजच्या 500 मिलिग्रॅम कॅल्शियमचा उपयोग 1,500 मिलिग्रॅमहून उणा ठरला नाही. म्हणजे गोळ्या कमी, खर्च कमी. मात्र ॲस्पिरिन काय किंवा गोळ्या काय, आपल्या मनाने कोणी घेऊ नयेत.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. 1928 साली मागणी होती विश्रांतीची, आणि ती न्याय्यच होती. थकलेल्या देहाला विसावा हवा, हे सांगावयास शास्त्र लागत नाही. परंतु नुसत्या विश्रांतीने हा विशिष्ट रोग टळत नाही. तो टाळण्यासाठी घरी पडून राहण्याचा सल्ला देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच सांगितले आहे. मीठ बंद करण्याचाही उपयोग नाही. मग उपयोग कशाचा? वेळेवर मोजण्याचा, आणि मोजल्यानंतर वेळेवर पोहोचण्याचा. म्हणजे बाईला लागणारा वेळ हा केवळ नवव्या महिन्यातल्या रजेचा वेळ नाही. पाचव्या महिन्यापासून दर काही आठवड्यांनी लागणारा अर्धा दिवस, तोही मजुरी न बुडता, ही खरी गरज आहे.

आमच्या कामात पाहिलेले एक उदाहरण सांगतो. ठेकेदाराकडे रोजंदारीवर पॅकिंग करणारी एक सात महिन्यांची गरोदर बाई. दवाखान्याची बाह्यरुग्णांची वेळ सकाळची, तिची पाळीही सकाळची. तीन दिवस डोके ठणकत होते. सोबतिणींनी जा म्हटले, तर तिचे उत्तर ठरलेले, “दादा, खाडा झाला तर रोज बुडतो, आणि दुसऱ्या दिवशी कामाला घेतील ह्याची खात्री कोण देतो?” चौथ्या रात्री आकडी आली. बाई वाचली, मूल गेले. ठेकेदार म्हणाला, मी तिला जाऊ नको असे कधी म्हटले? खरेच, त्याने म्हटले नव्हते. त्याला म्हणावे लागतच नव्हते. हजेरीचे पुस्तकच ते बोलत होते.

हा प्रश्न सुटण्यासारखा आहे, ह्याचे पुरावे आहेत. ब्रिटनमध्ये 1980 च्या कायद्याने गरोदर कामगार स्त्रीला तपासणीसाठी पगारी वेळ घेण्याचा हक्क दिला. त्या देशात 2012 ते 2014 ह्या तीन वर्षांत ह्या विकाराने होणारे मृत्यू दहा लाख बाळंतपणांमागे एकाहूनही कमी झाले. हे श्रेय एकट्या त्या कलमाचे नव्हे. चांगली रुग्णालये, दाया, औषधे सर्वांचे आहे. परंतु बाई दारापर्यंत आलीच नाही तर रुग्णालय काय करील? आमच्या कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दोन सुट्या आहेत, गर्भारपणाच्या आजारासाठी महिन्याची जादा रजा आहे. दर खेपेच्या तपासणीसाठी पगारी अर्धा दिवस असे स्वतंत्र कलम नाही. आणि जे आहे तेही बारा महिन्यांत 80 दिवस काम केल्याचा पुरावा दाखवील तिलाच. विडी वळणारी, धुणीभांडी करणारी, कोयता घेऊन सहा महिने परमुलखात ऊस तोडणारी बाई हा पुरावा कोठून आणील?

दुसरी बाजू मोजणाऱ्या हाताची. गावोगाव आशा आहेत, 2016 पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी आहे. 2018-20 च्या गणतीत भारताचे माता-मृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 97 आणि महाराष्ट्राचे 33 होते, ह्यात ह्या बायकांच्या पायपिटीचा मोठा वाटा आहे. बेळगाव आणि बागलकोट भागांत 2014 ते 2016 ह्या काळात आशांच्या हाती रक्तदाबाचे यंत्र देऊन एक मोठा प्रयोग झाला. नुसते यंत्र दिल्याने एकूण मृत्यू आणि आजार घटले, असे त्यात दिसले नाही. मात्र अशाच प्रयोगांच्या एकत्रित हिशेबात, ज्यांच्याकडे आठ किंवा अधिक वेळा भेट झाली त्यांच्यात मृत जन्म कमी आढळले. हा पुरावा निर्णायक नाही, तरी विचार करावयास लावणारा आहे. यंत्र स्वस्त आहे. वारंवार जाणारी माणसे, पुढचा रस्ता, गाडी आणि तेथे भरलेली इंजेक्शनाची कुपी, हे सारे मिळून उपाय होतो. आणि जी बाई दुसऱ्या बाईचा दाब मोजते, तिला सरकार पगार देत नाही, ‘मोबदला’ देते. अशा योजनांतल्या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस 2013 च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. ती कागदावर आहे.

तेव्हा येथे जमलेल्या नागरिकांना आमचे सांगणे साधे आहे. आपणांपैकी कोणी दुकानदार असतील, कोणी कारखानदार, कोणी नगरपालिकेचे सभासद. पुष्कळांच्या घरी कामाला बाई येत असेल. तिला पाचवा महिना लागला की विचारा, दाब कधी मोजला? महिन्यातून ज्या दिवशी तिची तपासणी असेल, त्या दिवसाचा पगार कापू नका. तीव्र डोकेदुखी, अंधूक दिसणे, वरच्या पोटात कळ, तोंडावर किंवा हातांवर एकाएकी सूज, ह्यांतले एकही दिसले तर ती उद्या जाईल असे म्हणू नका, आज न्या. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही हेच ध्यानात ठेवा. आणि संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात बोनसच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहावी : गरोदर कामगार स्त्रीस प्रत्येक तपासणीसाठी अर्धा दिवस पगारी सुटी, मग ती कायम असो, बदली असो की ठेक्यावर असो.

दाब मोजावयास पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांसाठी बाईला लागणारा अर्धा दिवस मिळवून देणे डॉक्टरांच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे.